उचललेला मिसकॉल

माझ्या बाबांच्या घराण्यात पन्नाशीला कान जातात. आजोबांचे गेले, मोठ्या काकांचे गेले आणि मी नाटकात काम करायला लागले त्याच सुमाराला बाबांचेही गेले. नातेवाइकांनी या दोन गोष्टींची सांगड घालून हौस भागवून घेतली. पोरीचे पराक्रम आयकाले लागू नये म्हणून देवानंच सोय केली, असं माझ्या एका आत्यानं लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं. बाबा समोरच्याच रांगेत जेवत होते. त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी मात्र पानातला भात तसाच ठेवून उठले.

आम्ही बल्लारपूरचे. बाबा सुतारकाम करायचे, आई घर सांभाळायची, मोठा भाऊ नोकरीला नागपुरात. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट होळीपर्यंत. आमच्या कंपनीचा मुक्काम वडशाला. रोज दुपारी मेटाडोरमध्ये पडदे, पेट्या आणि आम्ही माणसं कोंबली जायचो आणि नव्या गावाला निघायचो. मी कधी सून व्हायचे, कधी सासू, आणि पंचविशीच्या आत दोनदा आजी झाले.

पहिल्यांदा निघाले तेव्हा बाबांसमोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, हळूहळू विचारलं होतं, नाटकात जाऊ का. त्यांनी मान हलवली. मी आनंदानं बॅग भरली. पुढे गाडीत बसल्यावर मनात किडा शिरला. ऐकू न येणारा माणूस दिवसभर मान हलवतच असतो. दुकानदार काही बोलला, मान हलवली. बँकेतली बाई काही बोलली, मान हलवली. मग माझ्या प्रश्नावर हलली ती मान होकाराची होती, की नुसतीच? पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. नकार आला असता तर काय करायचं?

बाबांचं बोलणंही तेव्हापासून आटत गेलं. आपला आवाज केवढा निघतोय हे त्यांना कळायचं नाही. रेशनच्या रांगेत ते हळू म्हणून जे बोलायचे ते रस्त्यापर्यंत पोचायचं आणि लोक वळून हसायचे. कानाचं यंत्र आणलं, पण ते शिट्टी मारायचं, म्हणून डबीत गेलं. मग माणूस मूग गिळून बसला. घरात आई त्यांना खुणांनी सांगायची, ते खुणांनी उत्तर द्यायचे.

तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या चाचींकडे होता. चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे फोन लागायचाच. तोच नंबर आम्ही सगळीकडे पी.पी., म्हणजे शेजारचा फोन, म्हणून लिहून द्यायचो. मी वडशाच्या एसटीडी बूथवरून फोन लावायचे. चाची आधी स्वतःच सगळी विचारपूस करायच्या, खाना खाया का, थंडी कितनी है, आणि मग भिंतीवरून आईला हाक मारायच्या. आई पदराला हात पुसत येईपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत असायचे. पुष्कळदा मी चाचींनाच सांगून टाकायचे, पोचले, बरी आहे. तो निरोप चाची आईला देत, आई खुणांनी बाबांना. नदीपलीकडच्या माणसाला हातोहात घागर पोचवावी तसा. शेवटी घागरीत किती पाणी उरायचं कोण जाणे.

मग आमच्याकडेही फोन आला. फोनवर आईनं विणलेलं झाकण पडलं. मी कधी बसस्टँडवरच्या नाणी टाकायच्या डब्यावरून बोलायचे, कधी खेड्यातल्या किराणा दुकानात ठेवलेल्या, तारेशिवायच्या फोनवरून. त्याला वर काडीसारखी अँटेना होती आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. प्रत्येक वेळी मी विचारायचे, बाबा काय म्हणतात. प्रत्येक वेळी आई म्हणायची, बाबा म्हनतात तब्येतीले जप, कामात लक्ष दे. मला शंका यायची की हे सारं आईच बनवून सांगते. बाबा शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत असतील, एवढं मात्र खरं. मला त्यांचा एक शब्द थेट हवा होता. आईनं चाळणीतून गाळलेला नको.

मोबाइल आला तेव्हा वाटलं, आता जमेल. आता लिहिता येईल. पण त्या फोनात मराठी अक्षरं नव्हती आणि बाबा फक्त मराठी वाचायचे. मी इंग्रजी अक्षरांत 'पोचले' लिहून पाठवलं. ते घेऊन बाबा चाचांकडे गेले, चाचांनी वाचून दाखवलं, म्हणजे मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून दाखवलं. बाबा खूश. त्यानंतर मोबाइल कंपनीचे गाण्यांचे, ज्योतिषाचे, कसलेकसले मेसेज यायचे, तेही माझेच समजून बाबा प्रत्येक वेळी चाचांचं दुकान गाठायचे. चाचांच्या हातातलं घड्याळ उघडंच राहायचं. शेवटी चाचांनीच हात जोडले आणि तोडगा काढला. फोन थरथरतो, ती सोय चालू केली आणि पाटीवर बाबांसाठी लिहिलं, पोरगी पोचली की एकदा थरथरेल. उचलायचा नाही. बंद झाला की आपण उलटा एक मिसकॉल द्यायचा.

हे बाबांना फार आवडलं. फोन शर्टाच्या खिशात, छातीवर. मी गावात पोचले की मिसकॉल मारायचे, थोड्या वेळानं त्यांचा यायचा. माझा जीव भांड्यात पडायचा. बोलणं काहीच नाही, पण मधे कुणीच नाही. कंपनीतले लोक चेष्टा करायचे, तुह्या बापाचा फोन आला, उचलू नको.

एका हंगामात वहिनीचं बाळंतपण निघालं आणि आई नागपूरला गेली. बाबांनाही चल म्हणत होते, ते गेले नाहीत. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं म्हणणं, मधातच पोरगी आली अन् घराले कुलूप दिसलं तर? हेही आईनंच गाळून सांगितलेलं. चाची दोन वेळ डबा द्यायच्या. बाकी दिवसभर बाबा, त्यांचा रंधा आणि खिशातला फोन.

त्याच दिवसांत आमचे सलग दोन प्रयोग कोरचीच्या बाजूला, जंगलातल्या गावांत लागले. तिथं टॉवर नव्हता. दुकानातला फोनही बंद पडलेला. परत येऊ तेव्हा करू म्हटलं तर मेटाडोर बिघडली आणि मुक्काम एक दिवस वाढला. माझं कशात लक्ष लागेना. आई घरी असती तर तिनं बाबांना काहीतरी बनवून सांगितलं असतं. आता त्यांना सांगणारं कोणी नव्हतं आणि छातीवरचा फोन गप्प होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चढावर आली आणि मागून कोणीतरी म्हणालं, टॉवर आला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, कारण त्यालाही बायकोला फोन करायचा होता. सगळे खाली उतरून मोहाच्या झाडांखाली आपापला फोन हवेत धरून उभे राहिले. मी मिसकॉल लावला. एक रिंग झाली. दुसरी झाली. मी कापणार, तेवढ्यात तिकडून फोन उचलला गेला.

मला वाटलं चाचींनी उचलला. चाचींनी उचलला म्हणजे बाबांना काहीतरी झालं.

"मी बोलतो," बाबा म्हणाले.

आवाज एवढा मोठा की मी फोन कानापासून लांब धरला. आजूबाजूला सगळे बोलायचे थांबले.

"मले आयकू येत नाई. पर तुले त येते ना? मंग तू आयक. तीन दिस झाले, खिशात काही हाललं नाई. बरी हायेस का?"

आणि ते थांबले. ऐकू येत नसताना, माझं उत्तर होईल एवढा वेळ शांत थांबले. मी म्हटलं, बरी आहे बाबा, गाडी बिघडली होती.

"बरं," ते म्हणाले. अगदी वेळेवर.

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं आम्ही सारे समजत होतो की बाबांना फोनचा काय उपयोग. कान गेले होते, तोंड शाबूत होतं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की रिसीव्हर त्यांच्या हातात द्यावा, त्यांना काही बोलायचं असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"आज कोनतं काम हाय तुह्यं?" पुन्हा थांबले. मी सांगितलं, सासूचं आहे, शेवटी मरते. "बरं. चांगलं करजो."

मला वाटलं, आता ठेवतील. तिकडून खाकरल्याचा आवाज आला.

"त्या लग्नात तुही आत्या काय बोलली ते मले आयकू आलं नाई," बाबा म्हणाले. "पर तुह्यं तोंड दिसलं. तवाच बोलाचं होतं, पर चार लोकांत माह्या आवाज मोठा निंगते. तू नाटकात जातेस त माह्या मर्जीनं जातेस. कोनी इचारलं त सांगजो."

मी फोन कानाशी घट्ट धरून नुसती मान हलवली. त्यांनी मात्र माझं उत्तर होईपर्यंत वाट बघितली आणि मग "बरं" म्हणाले.

झाडाखाली कोणी हललं नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी चालू करायला घेतली होती, ती त्यानं बंद करून ठेवली. पुढे चाचींकडून कळलं की बाबांनी दार लावून घेतलं होतं, लोकांनी ऐकू नये म्हणून, आणि अख्ख्या गल्लीनं शब्द न् शब्द ऐकला होता. त्याच गल्लीत आत्याचं सासर आहे.

आई नागपूरहून परतली तरी मिसकॉल पुन्हा सुरू झाले नाहीत. मी फोन लावला की बाबाच उचलायचे. मला कधी बोलूच देत नाईत, अशी आईची तक्रार असायची. त्या दिवशी चढावर फोन ठेवण्याआधी त्यांनी शेवटचं विचारलं होतं, "जेवली का?"

मी म्हटलं, नाही बाबा, अजून नाही.

ते थांबले. पुरेसं थांबले.

"जेवली असशील त बरं," बाबा म्हणाले. "नाई त आता जेव."