साखळीतला हात

काल आमच्या गावचा कबड्डीचा संघ हरला. आज सकाळी दाढीला गेलो, तर न्हाव्याच्या दुकानात तोच वाद पेटलेला. एक म्हणाला, "चढाया बऱ्या झाल्या, पण पकडीच नाहीत. कोपऱ्यातला गडी नुसता उभा."

"साखळी सुटत होती रे. असं धरायचं असतं," म्हणत दुसऱ्यानं शेजाऱ्याचा हात धरून बाकावरूनच झेप घेऊन दाखवली. ते गुंतलेले दोन हात मला आरशात दिसले आणि नजर तिथंच अडकली.

"कोपरा म्हणजे भिवातात्याचा," न्हावी म्हणाला. "पायावर पडला की गडी हलायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानंही भिवाला खेळताना पाहिलेलं नाही.

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करतो. झेप घेणारा सगळ्यांना दिसतो. त्याचा हात धरून मागं पाय रोवणाऱ्याला कोण बघतं? तो हात माझा होता. मी दोनच यत्ता शिकलो, पण एका हाताची साखळी होत नाही एवढं मलाही कळतं.

"आजोबा, तुम्ही बघितलाय का भिवातात्याचा खेळ?" न्हाव्यानं मला विचारलं.

सांगायला तोंड उघडलं होतं. पण आपलं नाव आपणच काढायचं, हे मला जमत नाही.

"बघितलाय," म्हणालो. "बरा खेळायचा."

आणि अंगावरच्या टॉवेलाखाली डावी करंगळी चाचपली. भिवाच्या मुठीत मोडली ती वाकडीच जुळली. पण त्या दिवशीही हात मी सोडला नव्हता.