उरलेला मसालेभात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्यांपुढं तोंड उघडायची हिंमत मला कधी झालीच नाही.

माझं माहेर लिंबागणेशकडचं. आबा शेळ्या राखायचे, मीही राखल्या. केजला कॉलनीत राहायला आले तेव्हा मात्र बायकांना सांगितलं, वडिलांची बागायत आहे. कशाला सांगितलं? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मग 'लई' सोडलं, 'हाय' सोडलं, आणि खोटं अंगवळणी पडलं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही आठजणी जीप करून तळ्याकाठच्या वनउद्यानात गेलो. झोके झाले, झाडीतून हिंडणं झालं, फोटो तर विचारूच नका. तिथंच चूल मांडून मसालेभात केला, भजी तळली. तारेच्या कुंपणापलीकडं एक म्हातारी शेळ्या चारत होती. पाणी प्यायला निघाली, तेव्हा नेमकी मलाच म्हणाली, "माय, माज्या शेरडांवर जरा ध्यान ठिव. ती काळी गाभण हाय."

मी मान डोलावली.

पातेलंभर भात उरला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून — केवढ्या त्या पुण्यवान — बायकांनी तो तारेपलीकडं ओतला. काळीनं बाकीच्यांना शिंगं दाखवली आणि जवळजवळ सगळा एकटीनं खाल्ला. इतका भात शेळीच्या पोटात फुगतो, जीव घेतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. नुसतं "नका टाकू" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण "तुला गं काय माहीत?" असं कुणी विचारलं असतं तर? मी कागदी प्लेटा गोळा करत बसले.

म्हातारी परतली तेव्हा भाताचं शीतही उरलं नव्हतं. चारच्या सुमाराला काळी आडवी झाली. डावी कूस टम्म, पाय झाडतेय. म्हातारी तारेला धरून मलाच विचारत होती, "काय खाल्लं गं हिनं?"

बाकीच्या सामान आवरत होत्या. भातानं असं होतं, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं. अशा शेळीला आबा गोडेतेल पाजायचे, उभी करून कूस चोळायचे. कितीतरी वाचवल्या त्यांनी. अर्धी उरलेली तेलाची बाटली माझ्याच पिशवीत होती.

आणि मी काय म्हणाले? "आम्हाला नाही बाई शेळ्यांतलं काही कळत."

वर नाक मुरडलं — तेही सांगून टाकते.

आम्ही निघायच्या आधीच काळी मेली. आतली पिल्लं हलतात का, म्हणून म्हातारी तिचं पोट चाचपत राहिली. मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागली. "सकाळी म्याच वला लसूणघास चारला, त्यानंच फुगली. म्याच मारली हिला."

ते ऐकून मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. मी जीपमध्ये बसले आणि दार ओढून घेतलं.