सासूबाईंसाठी शिवलेलं बसकर

सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी करकंबहून सोलापुरात आणलं, तेव्हा माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्या गावाकडं, माझी इथं सोलापुरात सात रस्त्याजवळ नोकरी. निवांत बोलणं असं आमचं कधी झालंच नव्हतं.

डॉक्टरांनी महिनाभर सुईदोऱ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला ते फार जड गेलं. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, "आई, मला शिकवता का? तुमच्या खुर्चीत घालायला बसकर करते."

"तुला हुईल व्हय?" त्या हसल्या. "पिशवीत माझं जुनं लुगडं हाय, ते घे. आन एखादी विरलेली चादर बग."

मी लुगड्याच्या दोन तुकड्यांमध्ये चादरीचे दोन थर घातले. तिसऱ्याच टाक्याला सुई मोडली.

"एक थर काढ की! बसकर शिवतीस का गादी?"

मग हातानं सुरकुत्या मोडायच्या, आधी लांब कच्चे टाके घालायचे आणि नंतर कडेपासून आत धावदोरा घालत जायचं, हे त्यांनी सांगितलं.

त्या जाऊन आता चार वर्षं झाली, पण त्या महिन्यातल्या संध्याकाळी अजून आठवतात. मी ऑफिसातून यायची वाट बघत त्या बसलेल्या असायच्या. मी शिवण त्यांच्या मांडीवर ठेवायची. त्या डोळे मिटून ओळीवरून बोट फिरवायच्या.

"हितं घाई केलीस. उसव."

अशीच एकदा उसवत असताना मी विचारलं, "तुम्ही पहिली गोधडी कुणासाठी शिवलीत?"

"पयल्या लेकीसाठी. आट दिवसांची हुन गेली ती."

अशी एक मुलगी झाली होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानंसुद्धा. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "शिव आता. अंदार पडंल."

महिन्यानं चष्मा आला. त्यांनी बसकर खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं.

"लई वाकडं हाय गं."

"ठेवा मग इथंच. दुसरं नीट करून पाठवते."

"ऱ्हाऊ दे की."

करकंबच्या एस.टी.त मी त्यांना खिडकीजवळ जागा धरून दिली. त्यांनी पिशवीतून बसकर काढलं, सीटवर अंथरलं आणि ऐसपैस बसल्या.