तहानमामांचा मळा

तहानमामांनी जन्मात कोणाला न मागता पाणी दिले नाही. दारात पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली रीत. मामांच्या ओसरीवर पाहुण्याला घोंगडी मिळे, सुपारी मिळे, अकोटच्या बाजारापासून मेळघाटातल्या वाघापर्यंतच्या बातम्या मिळत. पाणी मात्र मागावे लागे. कोणी रागावलेच तर ते शांतपणे म्हणत, "तान लागली का नाही, हे मले कसं समजन? माह्या पोटात थोडी लागते ते?"

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो जावई होऊन. अमरावतीपलीकडून बैलगाडीने दोन दिवसांची वाट, भर वैशाख, जीभ टाळूला चिकटलेली. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, रखमाचे मामा. तिचे वडील लवकर गेले, म्हणून तिला मामांनीच वाढवले होते. मामांना मूलबाळ नव्हते आणि मला आईबाप नव्हते. ते पटकीत गेले तेव्हा मी पुरता चालतही नव्हतो. पुढे कधी चुलत्यांकडे, कधी आजोळी, असा जिथे तिथे पाहुण्यासारखा वाढलो. म्हणून मी घरजावई व्हायचे ठरले तेव्हा कोणाचीच हरकत नव्हती. त्या दिवशी नवा जावई म्हणून ओसरीवर ताठ बसलो आणि पाणी मागायची लाज वाटून अर्धा तास तसाच बसून राहिलो. दाराआडून रखमा हाताने खुणा करीत होती. शेवटी माझ्या घशातून "पाणी" असा काहीतरी आवाज निघाला. मामा टुणकन उठले, स्वतः विहिरीवर जाऊन थंडगार घागर भरून आणली आणि आत पाहून ओरडले, "मागतलं वो रखमे! जवाईबापूले तोंड आहे!"

मामांचा गांजाचा मळा होता. आज हे सांगितले की लोक भुवया उंचावतात, पण त्या काळी आमच्या भागात माळ्याच्या मळ्यात जशी मिरची तसा गांजा. कोणाला त्यात काही वाटत नसे. मामा स्वतः चिलमीला शिवत नसत. दूरदूरचे गोसावी मळा पाहायला येत, मामांना महाराज म्हणत, आणि एकाने चिलीम पेटवली की महाराज खोकत खोकत बांधापलीकडे जाऊन बसत. त्यांचा जीव होता तो रोपांवर. रोप चार बोटांचे असते तेव्हाच त्याचे सगळे आयुष्य ठरते, असे त्यांचे मत. "मूळ तानेनं खाली जाते," ते सांगत. "वरच भेटलं त खाली कावून जाईन? बसल्या जागी भाकर भेटली त तू तरी जाशीन का वावरात?" हा प्रश्न ते गावात बहुतेकांना विचारत आणि बहुतेकांना तो आवडत नसे.

पाणी द्यायचे की नाही, हे त्यांचे बोट ठरवी. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची, डोळे मिटायचे, आणि बोट बाहेर काढून त्याला माती चिकटली का ते पाहायचे. चिकटली तर त्या दिवशी मोट बंद. कोरडे निघाले तरच पाणी, तेही सकाळी, सरीतून, रोपाच्या बुडाला न लावता. या बोटाला पुढे पुढे काही धरबंध राहिला नाही. रखमाने मळलेली कणीक, नव्याने सारवलेली भिंत, कुंभाराची ओली मडकी, जे दिसेल त्यात ते बोट जाई. एकदा तर एका लग्नात वाफाळत्या भाताच्या परातीत गेले आणि वधूपक्षाला पुन्हा भात शिजवावा लागला.

दुपारी रोपांनी माना टाकल्या की नवखा माणूस घाबरतो. मामा ढुंकून पाहत नसत. "दुपारचे नखरे आहेत ते. सकायी मान पडली त मले सांगजा," एवढेच म्हणत. आणि खरोखर, संध्याकाळी उन्हे कलली की तीच रोपे काही घडलेच नाही अशी ताठ उभी असत.

आता त्या घरातली एक अडचण सांगतो. आमच्याकडे जावयाला कोणी वावगे बोलत नाही. जावई चुकला तरी "वा जवाईबापू" म्हणायचे आणि त्याच्या माघारी निस्तरायचे. मामांसारख्या तोंडाळ माणसाला हे फार जड जाई. मग त्यांनी वाट काढली. मोटेला रावजी नावाचा एक पांढरा बैल होता. माझे काही चुकले की मामा त्याच्यापुढे उभे राहत आणि मला नीट ऐकू येईल असे म्हणत, "काय जी रावजी, खुरपं उलटं धरतेत का कोनी?" रावजीने जन्मात खुरपे धरले नव्हते. तो बिचारा कान हलवी आणि मी मुकाट्याने खुरपे सुलटे करी. दोन वर्षांत त्या बैलाने माझ्या वाटच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की मला त्याच्याकडे पाहायची चोरी झाली. पण खरे सांगू? मला त्या बैलाचा हेवा वाटे.

त्या सुमाराला कापसाने सगळ्या वऱ्हाडाला वेड लावले होते. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीचे भाग्य उघडले. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग हलता हलत नसे. ज्यांच्या पायात वहाण नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. लोकांनी मिरची मोडली, वांगी मोडली, एकाने तर तुळशीभोवतीच्या मातीतही सरकी टोचली. मामांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही धाकटे मामा म्हणू, मळ्याकडे पाहून रोज सुस्कारे टाकत; त्यांना तिथे कपाशी हवी होती. जमीन दोघांच्या नावची होती. शेवटी त्यांनी मामांना निक्षून सांगितले, "दादा, यंदाचं रोप उभं राह्यलं त ठीक. नाई त पुढच्या साली मया मोडू न् पऱ्हाटी लावू." मामा कबूल झाले. कबूल न होऊन करतात काय? पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. तीस वर्षे ज्यात बोटे घातली ती माती जायची होती.

त्या साली पाऊस भादव्यातच पाठ फिरवून गेला. वाफ्यांत रोपे चार बोटांची, ऊन चटका लावणारे, आणि नेमकी शेंदूरजनाघाटाहून मामांची बहीण, म्हणजे रखमाची मावशी, आजारी असल्याची खबर आली. जाणे भागच होते. निघताना मामा रावजीपाशी गेले आणि म्हणाले, "रावजी, आठ दिवसांत एकडाव पानी. तेही बोट कोरडं निंगालं त." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. मला फक्त "येतो जी जवाईबापू" म्हणाले आणि गाडीत बसले.

मला राग आला. मळा जायचा की राहायचा असा प्रसंग, आणि सूचना बैलाला! ठरवले, या वेळी दाखवूनच द्यायचे. पहिल्या दुपारी रोपांनी माना टाकल्या. नखरे आहेत हे मला ठाऊक होते, पण मामा समोर असताना ठाऊक असणे वेगळे आणि एकट्याने ठाऊक असणे वेगळे. मोट जुंपली. संध्याकाळी रोपे उभी राहिली आणि मला वाटले, ही माझ्या पाण्याची करामत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी रोपांनी सकाळीच माना टाकल्या. तेव्हा मी अंगाला घाम फुटेतो पाणी दिले.

रखमा एकदाच म्हणाली, "मामानं एकडाव सांगतलं होतं ना जी?"

"ते बैलाला सांगितले होते," मी म्हणालो.

बांधावरून सगळे गाव जात येत होते. त्या वाफ्यांत बेडूक बसायला लागले होते, मातीवर हिरवे शेवाळ धरले होते, पाने पिवळी पडली होती. कोणत्याही शहाण्या माळ्याला लांबून दिसावे की रोपे बुडून मरताहेत. पण मी पडलो जावई. एक जण म्हणाला, "वा जवाईबापू, काय मेहनत!" दुसरा म्हणाला, "असा जवाई भेटाले नशीब लागते." आणि धाकटे मामा, जे एरवी आपली बैलजोडी सख्ख्या भावाला देत नसत, त्यांनी ती आपणहून आणून दिली. "तुमची जोडी थकली असन, जवाईबापू," म्हणाले. मला भरून आले. तितके प्रेम मला कोणी कधी दाखवले नव्हते.

मामा नवव्या दिवशी आले. गाडीतून उतरून थेट मळ्यात गेले. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून बोट मातीत घातले. ते पेरापर्यंत काय, मुठीपर्यंत गेले. एक रोप चिमटीत धरले, तर ते बुडापाशी कुजून अलगद हातात आले. तोवर पाचपन्नास माणसे जमली होती. धाकटे मामा सर्वांत पुढे. "दादा, गेलं यंदाचं," ते म्हणाले. "कोनं केलं हे?" कोणी केले ते त्यांना चांगले ठाऊक होते. भर गावात नाव घेतले की जावयाची शोभा, न घेतले तर मामांची.

मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. पागोटे सारखे करून म्हणाले, "पानी म्याच सांगून गेल्तो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तहानमामांनी रोज पाणी द्यायला सांगितले? कोणीतरी फिस्सकन हसले. तीस वर्षे त्या माणसाने पाण्याच्या एका थेंबाचाही हिशेब चुकवला नव्हता आणि आज सगळ्या गावासमोर त्याने स्वतःला मूर्ख ठरवून घेतले, ते मला "जवाईबापू" म्हणावे लागत होते म्हणून. मला ते सहन होईना. मी चिखलात उतरलो आणि म्हणालो, "मामाजी खोटे बोलतात. त्यांनी एकदाच सांगितले होते. मी रोज दिले, कधी दोनदा दिले. मामाजी, बैलाला नका सांगू. मला सांगा. मला शिव्या द्या."

जावई शिव्या मागतो आहे, हे त्या गावात कोणी ऐकले नव्हते. मामांच्या तोंडाची दोनतीनदा उघडझाप झाली. मग एकदम बांध फुटला.

"अबे गनप्या! लेकाच्या! रोप होतं का म्हैस होती, डुंबाले सोडली तू? देवानं दहा बोटं देल्ली, एक बी मातीत घालाले फुरसत नोती तुले? बेंडकं बसले तरी समजलं नाई? त्यायचं लगन लावून राह्यला होता का?"

हे असे बराच वेळ चालले. मध्ये त्यांना खोकला आला, तेव्हा मी पाठ चोळली, आणि ते पुन्हा सुरू झाले. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. रखमा मात्र रडत होती, आणि मीही. जन्मात पहिल्यांदा मला कोणी हक्काने शिव्या देत होते. माझे नाव गणपत; गणप्या मला तोवर कोणीच म्हटले नव्हते.

पाटाच्या टोकाचे दोन वाफे उंचावर होते. तिथवर माझे पाणी पोचलेच नव्हते. तिथली रोपे मामांना ठणठणीत सापडली. त्यांतली निम्मी उपटून मधल्या वाफ्यांतल्या नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरल्या आणि मग मामांनी मला बांधावर बसवून काम दिले: काही करायचे नाही. सहा दिवस मी रोपांकडे पाहत नुसता बसलो. दुपारी त्यांनी माना टाकल्या की माझे हात शिवशिवत. मामा शेजारून म्हणत, "गनप्या, हात मांडीखाली." सातव्या सकाळी बोट कोरडे निघाले तेव्हा पाणी दिले.

अर्धा मळा वाचला. ठरल्याप्रमाणे उरलेल्या अर्ध्यावर पुढच्या साली धाकट्या मामांची कपाशी लागली, आणि वाचलेला अर्धा मामांनी माझ्या हाती दिला. लोकांनी विचारले, ज्याने बुडवला त्यालाच? मामा म्हणाले, "यानं एकडाव बुडवून पाह्यलं. आता तुमाले जे शिकवा लागन, ते याले नाई शिकवा लागत." त्यानंतर अकरा वर्षे ते बांधावर बसून मला रोज शिव्या देत. लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, चांदीच्या शेंब्या गेल्या, रावजीही म्हातारा होऊन गेला. मामांच्या शिव्यांत खंड पडला नाही.

ते गेले ते फाल्गुनात, दोन दिवसांच्या तापाने. तेराव्याला सगळे नातलग जमले होते. मी पहाटेपासून राबत होतो. पत्रावळी मांडल्या आणि वाढायला भाताचे पातेले उचलू लागलो. इतक्यात धाकटे मामा लगबगीने आले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी माझ्या हातातून पातेले काढून घेतले, ओसरीवर स्वतःच्या हाताने घोंगडी अंथरली आणि आदराने म्हणाले, "जवाईबापू, तुमी कावून तसदी घेता? तुमी बसा जी."

मी जाऊन बसलो.