धाकट्या जावेचं नाक

माझी धाकटी जाऊ काल्हेरच्या एका गोदामात सफरचंदं निवडते. शिफ्ट सुटताना डागी फळं बायकांना वाटून टाकायची तिथली पद्धत. नको म्हटलं की मुकादम तोंड वाकडं करतो, म्हणून ही पिशवी मुकाट्याने घरी आणते आणि सकाळच्या घंटागाडीसाठी मागच्या दारी ठेवून देते.

मला ते बघवत नसे. टिचभर डागासाठी अख्खं सफरचंद फेकायचं म्हणजे काय! ही बाई फार नखरेल झाली, असं मी शेजारणीलाही ऐकवलं होतं.

माझ्या नातीचं उष्टावण होऊन आठवडाच झाला होता. एका सकाळी जाऊ ड्युटीवर गेली, घंटागाडी अजून यायची होती. मी पिशवी उचलली, डाग कापून टाकले, उरलेलं सोलून शिजवलं, घोटलं आणि वाटीत गार करत ठेवलं. स्वतःवरच खूश होते मी.

तेवढ्यात विसरलेला डबा न्यायला जाऊ परत आली. उंबऱ्यातच थबकली, हुंगलं.

"वयनी, पिशवीतली सफरचंदां शिजवली काय?"

"डाग काढलेत गं सगळे."

तिने वाटी उचलून सरळ मोरीत ओतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन पोरं वाढवलीत मी!

"बुरशी दिसते तेवढीच नसते, वयनी. तिचा विष मऊ गरात पसरलेला असतो, उकळून पन जात न्हाय. मोठ्यांना मळमळ, उलट्या होतात. ह्या एवढ्याशा जिवाला..." तिने राहिलेलं एक सफरचंद घेतलं. वरून लालबुंद, मीच चांगलं म्हणून बाजूला काढलेलं. मधोमध चिरलं. बियांभोवती निळसर लव होती.

तिने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"किती चमचे दिलं तिला?"

"एकही नाही. गार होत होतं."

ती तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. त्या वेळेपर्यंत ती घाबरली आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिचं कौतुक कुठे ठेवू असं झालं.

नखरेल म्हटल्याचं मी शेजारणीपाशी परत घेतलं. नातीसाठी विकत आणलेली फळं आजही मीच चिरते, पण नातीच्या वाटीत पडण्याआधी प्रत्येक फोड जावेच्या नाकाखालून जाते. ती मान हलवेपर्यंत मी चमचा उचलत नाही.