फोनोचं वंगण

नांदुऱ्याहून आलेल्या त्या फोनो दुरुस्त करणाऱ्याचं नाव आम्ही विचारलंच नाही. ताईची हळद होती आणि चावीच्या फोनोवर तबकडीतली गाणारी बाई म्हशीसारखी रेकत होती. त्यानं ओसरीवर पोतं अंथरून यंत्र खोललं, आत बोट घालून ते हुंगलं आणि माझ्या वडिलांकडे पाहिलं.

"दादा, बैलगाडीचं वंगण घातलं काय याले?"

"हाव. गाडीले चालते, मंग याले काऊन नाही?" वडील गुरकावले. ते घरात कधी हसत नसत.

त्यानं एकेक चाक रॉकेलनं धुतलं, कानाशी नेऊन फिरवलं. मग चावी भरून तबकडी सोडली, तर बाई चिमणीसारखी चिवचिवत पळत सुटली. हळद लावणाऱ्या बायका हसून एकमेकींवर कोसळल्या, ताईला ठसका लागला. वेगाचा स्क्रू हाताशी असून तो फिरवेना.

"लय दिवस चिखलात फसली होती बिचारी," तो म्हणाला. "थोडी पळू द्या तिले."

वडिलांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी त्यानं स्क्रू फिरवला. गाणं सुरात आलं, घर शांत झालं. वडील डोळे पुसत त्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "अजून एकदा पळव तिले."