जुना एडिटर बंद झाला तो डिसेंबर

काशीदला आमच्या आळीतल्या नऊ घरांत पाहुणे राहतात. हॉटेलं समुद्राच्या बाजूला आहेत, आम्ही रस्ता ओलांडून आत. प्रत्येकाकडे दोन नाहीतर तीन खोल्या, आणि जेवण घरातल्या बाईच्या हातचं. या नऊ घरांची मिळून एक वेबसाईट आहे. बचत गटाच्या शिबिराला आलेल्या एका मॅडमनी ती एका फुकट मिळणाऱ्या एडिटरमध्ये करून दिली आणि त्या निघून गेल्या. मी अलिबागच्या कॉलेजात आयटीला प्रवेश घेतला तेव्हा ती साईट आपोआप माझ्याकडे आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजात गेलेल्या माणसाला कम्प्युटरमधलं सगळं येतं, असं आईला वाटायचं. तसं नसतं हे सांगायला मला कधी जमलं नाही.

साईटवर नऊ घरं एकाखाली एक दिसतात. पाहुणे सगळी यादी वाचत बसत नाहीत. पहिल्या घराला फोन लावतात, तिथे जागा नसेल तर दुसऱ्याला. म्हणून वरच्या जागेचा नंबर ठरलेला आहे. एक आठवडा एक घर वर, मग सोमवारी सकाळी ते सगळ्यांच्या खाली जातं आणि बाकीची एकेक जागा वर सरकतात. पण नाव खाली न्यायचं ते ज्याचं त्यानेच. ही रीत विहिरीवरून आलेली आहे. मे महिन्यात आमच्या विहिरीवर हंडे रांगेत लावतात. जिचं पाणी भरून झालं ती आपला दुसरा रिकामा हंडा आपल्या हाताने रांगेच्या शेवटी ठेवते. दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही, मदत म्हणूनसुद्धा नाही. त्यावरून दोन-दोन वर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. साईटवरही तेच. पासवर्ड एकच होता, बचत गटाच्या अध्यक्ष काकींच्या घरी कॅलेंडरच्या मागे लिहिलेला, सगळ्यांना माहीत असलेला. तरी कोणी कधी दुसरीचं घर हलवलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मेल आला. तुमचा जुना एडिटर डिसेंबरच्या मध्यावर बंद होतो आहे, त्यानंतर साईट दिसेल पण तिच्यात बदल करता येणार नाही, तेव्हा नव्या एडिटरवर या. खाली एक निळं बटण.

मला पहिल्यांदा वाटलं ही फसवणूक आहे. आमच्या वर्गातल्या एकीच्या वडिलांना असाच मेल आला होता आणि पुढे फार त्रास झाला होता. मी ते बटण आठ दिवस दाबलं नाही. मग लॅबमधल्या सरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की मेलमधून जाऊ नको, कंपनीची साईट स्वतः उघड आणि तिथे हीच सूचना आहे का बघ. होती. सर म्हणाले, खरं दिसतंय. मला त्यातलं 'दिसतंय' तेवढं लक्षात राहिलं.

नव्या एडिटरमध्ये एक पासवर्ड सगळ्यांना चालत नव्हता. प्रत्येकीचं वेगळं लॉगिन, तिच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने उघडणारं. शिवाय एक मालक नेमायचा, म्हणजे जिच्या हातात पूर्ण साईटची सेटिंग राहणार. मालक अध्यक्ष काकींना करायचं यावर कोणाची तक्रार नव्हती. तक्रार ओटीपीवर होती. काकींच्या पडवीत मी सगळ्यांना बोलावलं आणि एकेकीचा फोन मागितला, तेव्हा कोणी पुढे केला नाही. दुकानवाल्या वहिनी म्हणाल्या, "बँकवाला रोज ओरडून सांगतो, ओटीपी कोणाला देव नको. आणि ही गावातलीच पोर मागायला बसली."

मी म्हटलं, मला नका सांगू, तुमचं तुम्हीच टाका. त्यावरही शंका निघाली की मग हिला इथे बसायचं काय काम. शेवटी मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि तिथून सांगत गेले, आता हिरव्या बटणावर बोट लावा, आता आकडे टाका. नऊ जणींचं होईपर्यंत चहा दोनदा झाला. लॉगिन झालं तशी प्रत्येकीने फोन बंद करून कमरेला खोचला आणि सोमवारी आपलं घर खाली नेण्यापुरतं सोडलं तर पुढे आठवडे त्या एडिटरकडे ढुंकून पाहिलं नाही. आपण काही दाबलं आणि बिघडलं तर, अशी भीती. किंवा मी काही तरी करून ठेवलं असेल, अशी.

खरं सांगायचं तर मलाही तो एडिटर भरवशाचा वाटत नव्हता. फोटो आपोआप कापले जायचे. नकाशा भलत्याच गावात दिसायचा. एकदा आमचा फोन नंबर अर्धाच छापला. मग मी एक नियम केला. जे काही करून बघायचं ते आधी आमच्याच घराच्या चौकटीत करायचं. दुसऱ्या कोणाच्या चौकटीला हात लावायचा नाही. ते जमलं की मग बाकीच्यांना तोंडी सांगायचं. बाकीच्या अर्थातच करत नव्हत्या. मी मात्र एसटीत बसल्या बसल्या, रेवदंड्याच्या पुलापर्यंत, आमच्या खोल्यांचे फोटो बदलत असायचे. मला वाटायचं मी फार जपून चालले आहे.

आता एका मावशींबद्दल सांगायला हवं. आळीच्या अगदी शेवटी, वळणामागे त्यांचं घर. रस्त्यावरून पाटी दिसत नाही, गाडीवाले तिथपर्यंत येत नाहीत. नवरा गेल्यापासून त्या एकट्या दोन खोल्या चालवतात. साईटवरून फोन आला तरच त्यांच्याकडे माणूस येतं. आणि त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा नंबर त्यांचा होता. वर्षातला हा एकच आठवडा असा की त्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या मुरुडपर्यंत लागलेल्या असतात. नऊ घरांत फिरत फिरत हा आठवडा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्यांनी महिनाभर आधी खोल्यांना रंग दिला. पालीला देवाला गेल्या तेव्हा येताना नव्या चादरी घेऊन आल्या. त्यांच्या मागचा नंबर आमचा होता.

त्या सोमवारी सकाळी दुकानवाल्या वहिनींचा आठवडा संपला. त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या बोटाने आपलं घर खाली नेलं. एडिटरमधली यादी मी पाहिली. मावशी पहिल्या, आम्ही दुसरे. सगळं नीट. मी कॉलेजला गेले.

सोमवारी आमच्या घरी फोन सुरू झाले. आईने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मावशींचं भरलं असेल, म्हणून दुसऱ्या नंबरवर येत असतील. मंगळवारी आणखी आले. आईने दोन कुटुंबांना तीस-एकतीससाठी हो सांगितलं. ती खूश होती. बाबा ट्रकवर असतात, आठ-आठ दिवस घरी नसतात, त्यांनाही तिने फोन करून सांगितलं.

बुधवारी सकाळी मावशी आल्या. पायरी चढल्या नाहीत, अंगणातच उभ्या राहिल्या. त्यांच्या पनवेलच्या लेकीने साईट उघडून फोटो पाठवला होता. फोन त्यांनी आईसमोर धरला. त्यात सगळ्यात वर आमचं घर होतं, नव्या पडद्यांच्या फोटोसकट. मावशी आठव्या.

आई म्हणाली, "वयनी, माज्या पोरीला तसलं येत न्हाय."

"सगळा गाव म्हणतो तिला येतं," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस माजा फोन वाजला न्हाय. मला वाटलं रेंज न्हाय. मी माडाखाली जाऊन उभी राहिले, बाय."

शेवटचं मला उद्देशून होतं. मी म्हटलं, सोमवारी मी पाहिलं तेव्हा तुम्ही पहिल्या होता. त्यांनी फोन पदरात गुंडाळला आणि गेल्या.

आई भांड्यांकडे वळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू केलंस काय?"

मला वाटलं होतं ती हे विचारणार नाही. मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली. पण ते बरं कसलं होतं ते मला कळलं, कारण दुपारचा फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला नाही.

मी कॉलेजला गेले नाही. आतापर्यंत मी साईट फक्त एडिटरमधून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून उघडली, पाहुण्यासारखी. बाहेर क्रम वेगळाच होता. तासभर शोधल्यावर कारण सापडलं. जुन्या एडिटरमध्ये आपण लावू तोच क्रम बाहेर दिसायचा. नव्यात एक सेटिंग होती, आणि ती कंपनीने परस्पर ठरवली होती. ज्या चौकटीत शेवटचा बदल झाला ती वर. सतत बदल करत होते ती मी, आणि करत होते आमच्याच चौकटीत, दुसऱ्यांच्या चौकटीला हात नको म्हणून. बाकी आठ जणींनी भीतीने आपल्या चौकटीला हातच लावला नव्हता, आणि सोमवारी घर खाली नेणं हा बदल धरला जात नव्हता. म्हणून आम्ही वर. आधीच्या आठवड्यांत फोनच मोजके यायचे, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एडिटरच्या आत मात्र जुनाच क्रम दिसत राहिला आणि मी तेवढाच बघत राहिले.

हे समजल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कारण हे कोणाला सांगितलं असतं तर ते रचून सांगितल्यासारखंच वाटलं असतं. मला स्वतःलाच तसं वाटत होतं. मी इतक्या वेळा फोटो बदलत होते ते फक्त करून बघण्यासाठीच का? आमच्या खोल्या छान दिसाव्यात असं मनात नव्हतं का? होतं. ते मी इथे लिहिते आहे, त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

सेटिंग बदलायचा हक्क फक्त मालकाला, म्हणजे अध्यक्ष काकींना. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की माझा ओटीपी तुला मिळायचा नाही. मी म्हटलं तुम्हीच करा. त्या म्हणाल्या, एकटीने करायची नाही, सगळ्यांच्या देखत करायची. दुपारी चारला पडवीत नऊ घरच्या बाया जमल्या. मावशी खांबाला टेकून बसल्या, फोन उलटा मांडीवर.

मी काय झालं ते सांगितलं. मधे दोनदा अडखळले. दुकानवाल्या वहिनी म्हणाल्या, मशीनला आमच्यातलं तुझंच घर बरं आवडलं. दोघी-तिघी हसल्या. मी म्हटलं, खरं-खोटं आत्ता बघता येईल. कोणीही एकीने आपल्या चौकटीत काहीतरी बदला, एक अक्षर चाललं, आणि साईट बाहेरून उघडा. कोणी तयार होईना. शेवटी वहिनींनीच केलं. 'घरगुती जेवण' होतं तिथे 'घरगुती गरम जेवण' केलं. एका पोरीच्या फोनवर साईट उघडली. वहिनी पहिल्या, आम्ही दुसरे. वहिनी आपल्या फोनकडे असं बघत होत्या की जणू आता त्यांच्यावरच आळ येणार.

मग काकींनी मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं आणि ओटीपी टाकला. मी पाठमोरीच सांगत राहिले, सेटिंग, त्यात क्रम, त्यात 'हाताने लावलेला'. त्यांनी दाबलं. मी वळले तेव्हा साईटवर मावशी पहिल्या होत्या.

आई उठून मावशींजवळ गेली. म्हणाली की आलेली दोन्ही कुटुंबं तुमच्याकडे पाठवते, मी फोन करते.

"तुजे पाहुणे तुज्याकडे," मावशी म्हणाल्या. "मला माजे तीन दिवस दे."

तीन दिवस कुठून द्यायचे? काकींनी ठरवलं की मावशींचा नंबर पुढच्या सोमवारी संपायचा तो गुरुवारी संपेल. मागे आमचा नंबर होता, तेव्हा ते तीन दिवस आमचे गेले. पण ते दिवस नव्या वर्षात जाणार होते, पाहुणे घरी परतल्यावर. हे सगळ्यांना कळत होतं. मावशींनाही. त्यांनी मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी उठल्या.

त्यानंतरचे दोन दिवस मी आळीतून जाताना मान खाली घालून जात होते. साईट मात्र दर तासाला बाहेरून उघडून बघायचे. मावशी वरच असायच्या. तरी त्यांच्याकडे कोणी आलंय का हे विचारायची हिंमत झाली नाही. आईही विचारत नव्हती. ती आता फोन उचलायची, पण आधी सांगायची की वळणामागच्या घरात जागा आहे का ते बघा. हे तिने मला सांगितलं नव्हतं, मला ऐकू आलं.

एकोणतीसच्या दुपारी पुण्याची एक गाडी आमच्या दारावरून सरळ पुढे वळणाकडे गेली. मी दुकानातून मीठ घेऊन येत होते. मावशींच्या अंगणात एक बाई दोन पोरांना उतरवत होती आणि तिचा नवरा सामान काढत होता. मावशींनी त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "आमचं घर कुठं मिळालं तुम्हाला?" साईटवर, तो म्हणाला, पहिलंच होतं. मावशी म्हणाल्या, दाखवा. त्याला आधी कळलं नाही. मग त्याने खिशातून फोन काढला, उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. मावशींनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. बोटाने यादी खाली सरकवली, आमचं घर कुठे आहे तेही पाहिलं, आणि फोन परत दिला.

तेव्हा त्यांना मी कुंपणाजवळ दिसले. मी निघायला लागले तर म्हणाल्या, "बघितलं मी."

मी म्हटलं, हो मावशी.

"आता सोमवारी पण बघीन, मीच वर हाय का ते," त्या म्हणाल्या, आणि पोरांच्या बॅगा उचलून आत गेल्या.